पत्रूभाऊ, तुम्ही पुढे का चालत होता?

पत्रूभाऊ,

परवा तुमच्या तेरवीला मी आलो होतो. पंगत बसण्यापूर्वी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि बाहेरगावाहून आलेला प्रत्येक माणूस माझ्याजवळ येऊन, आवाज खाली करून, एकच गोष्ट विचारत होता. "वाघानं नेलं काय जी?" मी सांगत होतो की नाही, तापाने गेले, ताप अंगात राहिला, उतरला नाही. हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येत होते त्याला मी दुःख म्हणणार नाही. माणसे हिरमुसत होती. वडशाकडच्या एका गृहस्थाने तर "असं काय" म्हणून लगेच पाण्याचा गिलास मागितला. तुम्ही तिथे असता तर मांडीवर थाप मारून हसला असता, आणि दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाची नक्कल करत माझ्या टेबलापाशी उभे राहिला असता.

मी हे रडण्यासाठी लिहीत नाही. रडणे मला जमत नाही आणि माझ्या व्यवसायात ते उपयोगाचेही नाही. कुरखेड्याच्या तहसील कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली, माझे अर्जनविसाचे टेबल अर्ध्या आयुष्यापासून आहे. शाळा मी नववीत सोडली. पुढचे शिक्षण लोकांच्या तक्रारींनी दिले. कोणाचा सातबारा चुकला, कोणाचा बांध सरकला, कोणाची गाय वाघाने मारली, हे साहेबांच्या आधी मला कळते, आणि साहेबांना जे कळते ते माझ्या वाक्यांत कळते. त्यामुळे तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार माझा आहे, असे मी मानतो. शिवाय आपला एक वाद अर्धवट राहिला आहे. तो तुम्ही मध्येच सोडून गेलात. वाद मध्येच सोडून उठणे ही तुमची सवय होतीच.

आपली ओळख त्या वादानेच झाली. वैनगंगा ओलांडून वाघ आपल्या भागात परत येऊ लागले, तेव्हाची गोष्ट. आपल्या पिढीने वाघ बहुतेक चित्रात पाहिलेला. तो अचानक धानाच्या बांधीत उभा दिसू लागला. मग गावोगाव प्राथमिक प्रतिसाद दल तयार झाले. नाव भारदस्त, माणसे गावातलीच. वाघ आला की गर्दी आवरायची, वनखात्याचे लोक पोहोचेपर्यंत जागा सांभाळायची, कोणी दगड घेऊन धावला तर त्याला धरायचे. तुम्हाला त्यात नाव घालायचे होते. तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात आणि खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी तळहातावर घासू लागलात.

"कारण काय लिहू?" मी विचारले.

"कायचं कारण?"

"दलात का यायचं आहे, त्याचं. कारणाशिवाय अर्ज उभा राहत नाही."

"तुमाले जे बरं वाटन ते लिहा ना जी. तुमी वकीलसाहेब."

मी वकील नाही हे मी तुम्हाला तिथल्या तिथे स्पष्ट केले. तरी तुम्ही शेवटपर्यंत मला वकीलसाहेबच म्हणत राहिलात, आणि ती थट्टा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. असो. मी लिहिले: 'वन्यजीव ही राष्ट्राची अनमोल संपत्ती असून तिच्या रक्षणाची तळमळ अर्जदाराच्या ठायी बालपणापासून वसत आहे.' तुम्हाला वाचून दाखवले. तुम्ही अतिशय गंभीर चेहऱ्याने ऐकलेत.

"हा अर्जदार बेस माणूस दिसते," तुम्ही म्हणालात. "कोन्या गावचा हाय?"

तुमचा अर्ज मंजूर झाला. वाक्य माझे होते, हे मी इथे नमूद करून ठेवतो.

त्यानंतर मी तुम्हाला तोच प्रश्न किती वेळा आणि किती रीतींनी विचारला असेल. वाघ दिसल्याचा निरोप आला की माणसे वाघापासून दूर पळतात. तुम्ही चपला शोधत त्याच्या दिशेने निघत होता. हे का? शहरातून दोन मुली आल्या होत्या, त्यांचा अभ्यासाचा विषयच हा होता: माणसे वन्यजीवांच्या रक्षणाचे काम कशासाठी करतात. त्यांनी कचेरीबाहेर जाणकार माणूस कोण म्हणून चौकशी केली, लोकांनी अर्थातच माझ्याकडे पाठवले, आणि मी तुम्हाला बोलावून घेतले. एकीला तुम्ही सांगितलेत, "वाघ आमचा देव हाय." दुसरीला सांगितलेत, "घरी रिकामं बसलो का बायको काम सांगते." दोघींनी दोन्ही उत्तरे आदराने उतरवून घेतली. त्या गेल्यावर मी तुम्हाला फैलावर घेतले.

"पत्रूभाऊ, पोरींना खोटं का सांगता?"

"खोटं कुठी? सारंच खरं हाय."

"एका माणसाच्या एका कामाची दोन कारणं असू शकत नाहीत. एक खरं, दुसरं निमित्त."

"बरं. तुमी जेवता काऊन?"

"भूक लागते म्हणून."

"अन् मागच्या लग्नात दोन पंगतीत बसले होते, ते?"

प्रश्न अप्रस्तुत होता, सबब मी उत्तर दिले नाही. तुम्ही उठून चहाच्या टपरीकडे चालते झालात.

बकारामची गाय मेली त्या दुपारी मात्र मी तुमच्यासोबत होतो. बकारामने मला घरून मोटारसायकलवर बसवून नेले होते, कारण नुकसानीचा अर्ज जागेवरच लिहून व्हावा अशी त्याची घाई होती. गाय पळसाखाली पडली होती, मान मोडलेली. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवता येत नाही, आणि वाघ आपल्या शिकारीवर परत येतो. म्हणजे मधला जो वेळ असतो, त्यात चिडलेल्या मालकाने पिकावर फवारायचे औषध त्या मांसावर ओतले की वाघ संपला. पिल्ले सोबत असतील तर पिल्लेही संपली. या मधल्या वेळात तिथे बसून राहणे हे तुमचे काम होते. लोकांना वाटते वाघ वाचवणारा माणूस वाघाजवळ असतो. तुम्ही मेलेल्या गाईजवळ असायचात.

बकारामच्या हातात बाटली होती आणि ती लपवण्याचीही त्याला गरज वाटत नव्हती.

"तुझ्या वाघानं खाल्ली!" तो तुमच्यावर ओरडत होता. "बाप हाय काय तो तुझा?"

"माझा बाप असता तर गाय सोडून तुलेच खाल्ला असता," तुम्ही म्हणालात. "लय कडक होता."

बकारामला हसू आले. ते त्याला नको होते, म्हणून तो आणखी चिडला. तुम्ही बाटली मागितली नाही. तिच्याकडे पाहिलेही नाही. खर्ऱ्याची पन्नी सोडून पुढे केलीत, आणि चिमूट घ्यायला त्याला हात मोकळा करावा लागला. बाटली गवतात टेकली. मग तुम्ही विचारलेत, "नाव काय ठेवलं होतं हिचं?"

"कबरी."

"कोन्या वेताची?"

"तिसऱ्या." आणि मग तो बोलू लागला. कबरी गाभण राहत नव्हती तेव्हा काय काय केले, पहिल्यांदा व्याली तेव्हा पाऊस कसा होता, तिला दारातल्या कोणत्या जागेवर बांधले तरच ती पान्हा सोडत होती. बोलता बोलता तो रडला. तुम्ही ऐकत होता आणि ऐकता ऐकता असे सरकून बसलात की बाटली तुमच्या गुडघ्याखाली गेली. वनरक्षक आले, पंचनामा झाला, मी अर्ज पूर्ण केला. बाटलीचा उल्लेख कोणत्याही कागदात नाही.

परतताना मी विचारले, "आज तुम्ही कोणाला वाचवलं? वाघाला की बकारामला?"

"मले काय माईत," तुम्ही म्हणालात. "दोघंबी जित्ते हायेत."

हे उत्तर अपुरे आहे असे मी तेव्हा म्हणालो होतो. माझे मत बदललेले नाही.

आता तुमच्या त्या मोहाच्या सकाळींविषयी. मोह गळू लागला की बाया पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जातात, आणि फुले वेचायला वाकावे लागते. वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही. खाली मान घालून चरणारे जनावर वाटते. आपल्याकडे वाघाने नेलेली बहुतेक माणसे अशीच गेली आहेत, वाकलेली. म्हणून तुम्ही बायांच्या पुढे चालत होता, काठी झाडांच्या बुंध्यांवर आपटत. खात्याने तुम्हाला शिट्टी दिली होती. ती तुम्ही घासूनपुसून गळ्यात घातली होती, पण वाजवत नव्हता. "शिट्टीले कोन उत्तर देते?" असे तुमचे म्हणणे. तुम्ही बायांना नावाने हाका मारत होता, आणि नियम असा घालून दिला होता की जिची हाक येईल तिने उत्तर द्यायचे, आणि उत्तर शिवीतच द्यायचे. साध्या 'ओ'ला आवाज चढत नाही. शिवीला आपोआप चढतो.

एकदा फेरफाराच्या एका भांडणासाठी मी सकाळीच तुमच्या गावाकडे येत होतो. रस्त्यावरूनच ऐकू आले.

"ए सुमन!"

"अजून जित्ताच काय रे, मेल्या?"

"ए पार्वता!"

"बायको घरात घेत नाई काय तुले?"

"ए शेवंता!"

"तुमच्या तोंडाले वाघ भेते, मी काहाले भेऊ?"

ही शेवटची शेवंताबाई, तुमची पत्नी. सगळे जंगल तुमच्या निंदेने भरून गेले होते आणि तुम्ही मध्यभागी उभे राहून, टोपी तिरपी करून, ती सलामी घेतल्यासारखी घेत होता. मी मोटारसायकल थांबवली. गंभीर विषयाची अशी विटंबना मला मान्य नव्हती. तरी थोडा वेळ थांबलो.

पत्रूभाऊ, तुमच्या माघारी लोक तुम्हाला साधाभोळा माणूस म्हणत आहेत. तेरवीलाही हे तीन-चार जणांनी म्हटले. मी दुरुस्ती केली. तुम्ही साधे नव्हता. ती खाकी टोपी तुम्ही बाजारालाही घालून येत होता. वाघाने तुमच्याकडे पाहिले आणि ओळखून मान वळवली, ही कथा मी तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की दर खेपेला वाघ थोडा जवळ आला. शेवटच्या खेपेला तर त्याने तुमचा खर्रा हुंगला होता. तुम्हाला मान आवडत होता.

आणि माझा निष्कर्ष, जो मी तुम्हाला कधी सांगितला नाही, तो हाच होता. दलात येण्यापूर्वी तुमच्या दाराशी कोणी कशासाठी येत नव्हते. थोडी धानाची शेती, रोजगार हमीवर खोदकाम, गावात एक माणूस अधिक किंवा उणे. मग वाघ आला, आणि झुडूप हलले तरी लोक तुमच्या नावाने ओरडू लागले. 'पत्रूभाऊले बोलवा.' ही हाक ज्याला एकदा लागली, त्याला दुसरे काय गोड लागणार? मला हे ठाऊक आहे, कारण माझ्या टेबलाकडेही लोक असेच येतात. आपण दोघे एकाच गोष्टीवर जगत होतो. ते मी बोललो नाही, कारण 'मानासाठी' हा शब्द अर्जात बसत नाही, आणि जे अर्जात बसत नाही ते तोंडाने उच्चारण्याची मला सवय नाही. देव, देश, निसर्ग हे शब्द मोठे आहेत. माणसे ते सहीपुरते वापरतात. मान हा शब्द लहान आहे, पण भर उन्हात त्याच्यामागे माणूस मेलेल्या गाईजवळ बसू शकतो.

या निष्कर्षावर मी काल दुपारपर्यंत ठाम होतो.

काल दुपारी तुमची रंजना टेबलापाशी आली. "काका, अर्ज लिहून द्या. दलात नाव टाकाचं हाय." मी कारण विचारले नाही, लिहायला घेतले. 'अर्जदार ही कै. पत्रू यांची कन्या असून वडिलांचा थोर वारसा पुढे चालविण्याची...' इथपर्यंत आलो तोच ऑटोतून शेवंताबाई उतरल्या. पदर सावरत सरळ टेबलापर्यंत आल्या आणि कागदावर हात ठेवला.

"लिहू नका, भाऊ."

"आई, मी सांगतलं ना तुले."

"एक गेला तो गेला. दुसरी मी देत नाई."

"तापानं गेला बाबा. जंगलानं नाई."

"जंगलात हिंडूनच आला ना ताप?"

हे कोणालाच माहीत नाही, डॉक्टरांनीही तसे सांगितलेले नाही. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. मग शेवंताबाई माझ्याकडे वळल्या.

"तुमच्यापाशी येऊन बसत होते ते. तुमी सांगा. काऊन जात होते? घरी काय कमी होतं?"

इतकी वर्षे मी विचारलेला प्रश्न मलाच विचारला गेला. दोघी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. उत्तर माझ्याकडे तयार होते, ते मी दिले. "लोक बोलवायचे म्हणून."

"मीबी बोलवत होती," शेवंताबाई म्हणाल्या. "जेवाले. येत नवते."

त्यांना हसू आले, आणि ते हसू पदराआड गेले, आणि बराच वेळ पदर खाली आला नाही. मी टाचण्या एका बाजूला गोळा करत बसलो.

रंजनाने आईला विचारले, "यंदा मोहाले गेली काय तू?"

"कोनासंग जाऊ?"

"तेच सांगून राह्यली मी. पार्वतामावशी घरी, सुमनकाकू घरी. झाडाखाली फुलं सुकून राह्यले. कोनी तरी पुढं चालाले पायजे. मले आवाज हाय."

"तुले शिव्या झेलतीन काय त्या बायाईच्या?"

"तुझीच पोरगी हाय मी."

शेवंताबाईंनी मुलीकडे पाहिले. ते पाहणे मी वर्णन करू शकत नाही; माझ्या भाषेत त्यासाठी नमुना नाही. मग त्यांनी कागदावरचा हात काढला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पन हे बापाच्या जागी-बिगी खोडा. त्याच्या जागी पाठवाले मी तिले मोठी नाई केली. तिचं नाव लिहा. अन् लिहा का बाया थांबल्या हायेत."

मी माझे वाक्य खोडले. वाक्य चांगले होते. तसे नव्हते असे मी म्हणणार नाही. त्याच्या जागी लिहिले: 'गावातील महिला मोह वेचण्यास जाण्यासाठी थांबल्या आहेत, सबब अर्जदारास दलात घ्यावे.' इतके आखूड कारण मी आजवर कोणाच्या अर्जात लिहिले नसेल. तुमच्याशी यावर वाद घातला असता. ही तर परिस्थिती झाली, हेतू कुठे आहे, असे मी म्हणालो असतो. तुम्ही लग्नातल्या पंगतीसारखे काहीतरी काढून उठून गेला असता. पण मानाचा माझा सिद्धांत त्या पोरीला लागू पडत नाही, हे मला दिसते आहे. तिला अजून कोणी बोलावलेले नाही. ती हाक येण्यापूर्वीच निघाली आहे. कदाचित तुम्हीही आधी निघाला होता आणि हाका नंतर आल्या. हे मला तुम्हाला विचारायला हवे होते, आणि आता ते विचारता येणार नाही.

"मंजुरी कधी येईन?" रंजनाने विचारले.

"वेळ लागेल. वरून सही यावी लागते."

"मोह थांबते काय सहीसाठी?" शेवंताबाई म्हणाल्या. "उद्या जाऊन राह्यलो आमी. ही पुढं, मी हिच्या मागं."

"मग अर्ज कशाला?"

"साहेबानं अडवलं तर दाखवाले," रंजना म्हणाली आणि कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

दोघी निघाल्या. ऑटोपर्यंत गेल्या होत्या. मी हाक मारली.

"रंजना, परत आलीस की मला फोन कर."

ती वळली. "काऊन, काका?"

कारण सांगायला मी तोंड उघडले. वर्षानुवर्षे लोकांना हे विचारत आलेला माणूस मी. ज्याला कारण देता येत नाही त्याला मी टेबलावरून उठवून परत पाठवतो, घरी जाऊन विचार करून ये म्हणतो.

"सहज," मी म्हणालो.

थट्टा करण्यापूर्वी तुमचा चेहरा जसा होत होता, तसा तिचा झाला. पण ती नुसतं 'बरं काका' म्हणून गेली.

तुम्हाला असा फोन करायला मी कधी सांगितले नव्हते, पत्रूभाऊ. आपल्यात ते शोभले नसते.

आज टेबल मांडल्यापासून हे लिहितो आहे. पहाटे गेलेल्या बाया अजून जंगलात वाकलेल्या असतील. समोर मालेवाड्याकडचा एक माणूस बसला आहे. शेजाऱ्याने त्याचा बांध फोडला. त्याने आपले म्हणणे मला दोन वेळा सांगून झाले आहे आणि मी अद्याप काही लिहिलेले नाही. "लिहा ना जी," तो म्हणतो आहे. मी त्याला थांबायला सांगितले. किती वेळ, ते सांगितले नाही. त्याच्या कोऱ्या कागदावर मी माझा फोन ठेवला आहे.